आरोग्य माहिती प्रणाली टिकते कशी? : एका शोधनिबंधाचे परीक्षण

योर्न ब्रो, एरिक मोंतेरो आणि संदीप सहाय यांचा ‘नेटवर्क्स ऑफ ॲक्शन’ हा 2004 मधील शोधनिबंध माहिती प्रणाली शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत सुरू झालेला ‘हिस्प’ प्रकल्प ओस्लो विद्यापीठाच्या सहभागाने मोझांबिक, इथिओपिया आणि भारतात पोहोचला. लेखकांच्या मते एकाच ठिकाणचा पथदर्शी प्रयोग निधी संपताच बंद पडतो. शिवाय निम्म्याच केंद्रांची आकडेवारी जिल्ह्याच्या नियोजनाला उपयोगी पडत नाही. म्हणून विस्तार ही चैन नसून गरज आहे, आणि तो सॉफ्टवेअर, प्रशिक्षण व अनुभव देशादेशांनी वाटून घेतल्याने साधतो.

हा युक्तिवाद पटतो. मात्र ‘टिकणे’ म्हणजे काय, हे तपासले पाहिजे. सॉफ्टवेअर चालू राहील, तक्ते वेळेवर वर जातील. पण नोंदवही भरणारी परिचारिका आपल्याच केंद्राच्या लसीकरणाचा आकडा पाहून काही ठरवू शकत नसेल, तर ती केवळ वरच्यांसाठी राबते. निबंधात जाळ्याचे विवेचन भक्कम आहे. या टोकाचे तितके नाही. प्रकल्प करताना विद्यार्थ्यांनी हा प्रश्न आधी विचारावा : भरलेला आकडा भरणाऱ्याच्या कामी येतो का?