‘बदलापूरला’ आणि ‘बदलापुरात’ : इंग्रजी शब्दयोगी अव्ययांच्या एका नियमाची परीक्षा

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची सर्वांत अधिक फजिती होते ती शब्दयोगी अव्ययांच्या निवडीत. आणि ती टाळण्यासाठी आपल्या शाळांनी मुख्यतः नियमांच्या याद्यांवर भिस्त ठेवली. त्यांपैकी एकच नियम येथे परीक्षेस घेतला आहे. भारतीय शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या रेन व मार्टिन यांच्या व्याकरणात असे सांगितले आहे की, देश व मोठी शहरे यांच्या नावांपूर्वी ‘इन’ योजावे आणि लहान गावांच्या नावांपूर्वी बहुधा ‘ॲट’.

हा नियम बदलापूरला लावून पाहावा. मुंबई-कर्जत लोहमार्गावर अंबरनाथ व वांगणी यांच्यामधले हे एके काळचे लहानसे गाव. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात गेली होती. मग येथील रहिवाशाने ‘ॲट’ सोडून ‘इन’ धरावे ते नेमके कोणत्या वर्षी? प्रश्न थट्टेचा वाटेल; परंतु नियमापाशी त्याचे उत्तर नाही. जुन्या इंग्रजी लेखनातील वहिवाटीचा त्याला आधार आहे हे मान्य केले, तरी भेदाचे कारण त्याने चुकीच्या जागी शोधले आहे.

भेद आहे तो बोलणाऱ्याच्या दृष्टीत. स्थळ हा प्रवासातील वा वेळापत्रकातील एक बिंदू मानला की ‘ॲट’ येते; सीमा असलेला, माणसांना सामावून घेणारा प्रदेश मानला की ‘इन’. म्हणून गाडी बदलापूरला थांबते तेव्हा ‘ॲट’, आणि त्याहून कितीतरी मोठ्या कल्याणला थांबते तेव्हाही ‘ॲट’च. उलट, दोनशे उंबऱ्यांच्या खेड्यात माणूस राहतो तेथेही आजचे इंग्रजी ‘इन’ म्हणते.

विशेष हे की, हा भेद मराठी विद्यार्थ्याच्या घरचाच आहे. गाडी ‘बदलापूरला’ थांबते, पण पुराचे पाणी शिरते ते ‘बदलापुरात’. (रूपेही पाहण्याजोगी आहेत : ‘ला’ लागताना नाव जसेच्या तसे राहते, ‘त’ लागताना मात्र त्याचे सामान्यरूप होऊन ‘पू’ ऱ्हस्व होतो.) जी जाणीव मातृभाषेने आधीच दिलेली आहे, तिच्याकडे पाठ फिरवून विद्यार्थ्याच्या हाती लोकसंख्येचे माप देण्यात काय साधले?

तथापि हा मेळ पूर्ण आहे असे म्हणता येणार नाही. ‘ला’ हा प्रत्यय फार कामे करतो. बदलापूरला थांबणे, बदलापूरला जाणे, बदलापूरला पोचणे, बदलापूरला राहणे : मराठीत चारही ठिकाणी एकच प्रत्यय, इंग्रजीत अनुक्रमे ‘ॲट’, ‘टु’, काहीच नाही आणि ‘इन’. ‘रीच’पुढे ‘टु’ घालणारा विद्यार्थी आपल्या भाषेचा नियम काटेकोरपणे पाळीत असतो. त्याला निष्काळजी ठरवून तो ‘टु’ लाल शाईने खोडणारा शिक्षक त्याला काहीच शिकवीत नाही.

‘पासून’ची गोष्ट अशीच. आपण ‘२०१९ पासून’ म्हणतो आणि ‘पाच वर्षांपासून’ही म्हणतो, कारण दुसऱ्या प्रयोगातही आपल्याला आरंभाचाच क्षण दिसत असतो. इंग्रजी तेथे कालावधी मोजते व ‘सिन्स’ सोडून ‘फॉर’ घेते. ‘दरम्यान’ तर स्थळ व काळ दोन्ही सांभाळतो. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पुरात अडकली. पुराच्या दरम्यान प्रवाशांची सुटका झाली, असेही आपण लिहितो. पहिल्याला ‘बिट्वीन’ हवे, दुसऱ्याला ‘ड्युरिंग’.

सप्तमी म्हणजे ‘इन’, पंचमी म्हणजे ‘फ्रॉम’, अशी समीकरणे पाठ करविण्याची शालेय रीत या सर्व घोटाळ्याच्या मुळाशी आहे. एकाच प्रत्ययाचे अनेक अर्थ संभवतात, ही गोष्ट मोरो केशव दामले यांचे १९११ चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ चाळणाऱ्यास नवी नाही. इंग्रजीच्या तासाला मात्र ती विसरली जाते. अव्यय नामाशी न जोडता क्रियापदासह शिकवावे, हे अधिक सयुक्तिक : ‘रीच’ एकटे, ‘अराइव्ह’ला ‘ॲट’ किंवा ‘इन’, ‘डिस्कस’ पुन्हा एकटे, जरी मराठीत चर्चा कशा‘विषयी’ तरी होत असली.

यानेही सारे उलगडते असे नाही. आगगाडीत बसलेल्यासाठी इंग्रजी ‘ऑन’ योजते आणि मोटारीत बसलेल्यासाठी ‘इन’. मराठी दोघांनाही ‘गाडीत’च बसविते. बिंदू आणि प्रदेश या भेदाने या जोडीचा निकाल लागत नाही. तिचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागेल.