‘सत्याचे प्रयोग’ आणि रोग्याची संमति

कांहीं ग्रंथ असे असतात कीं ते तारुण्यांत वाचले म्हणजे त्यांतील पराक्रम दिसतो, आणि घरांत आजारपण येऊन गेल्यावर वाचले म्हणजे त्यांतील माणसें दिसतात. गांधीजींची आत्मकथा आम्हांला या दुसऱ्या रीतीनें वाचावी लागली त्याला कारण घडलें तें असें. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरांतील वृद्ध आत्याबाईंना रुग्णालयांत न्यावें लागलें. शस्त्रक्रिया ठरली, आणि संमतीचा छापील कागद घेऊन एक तरुण डॉक्टर बाहेर आले. आत्याबाई पूर्ण शुद्धीवर होत्या. सकाळीं त्यांनीं वर्तमानपत्रहि वाचलें होतें. परंतु कागद आला तो बाहेर बांकावर बसलेल्या आम्हां पुरुषांपुढें, आणि आम्हीं सही केली. कोणाच्याहि मनांत वाईट नव्हतें. घरीं आल्यावर मात्र पूर्वीं केव्हां तरी वाचलेला एक प्रसंग मनांत घोळूं लागला, आणि फडताळांतून पुस्तक काढून पाहिलें तेव्हां तो डरबानच्या डॉक्टरांचा निघाला.

ही आत्मकथा १९२५ सालापासून ‘नवजीवन’ साप्ताहिकांत मूळ गुजरातींत क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि मराठी घरांत तिला येऊन पुष्कळ वर्षें लोटलीं. तिच्यांतील आजारपणाच्या प्रकरणांवर बोलणारे बहुधा दोन पक्षांत वांटले जातात. एक म्हणतो, पाहा, पाणी, माती आणि संत्र्याचा रस यांनीं काय होऊं शकतें. दुसरा म्हणतो, पाहा, केवढा हा हट्ट! आमचें भांडण दोघांशींहि आहे. कारण दोघेहि हीं प्रकरणें खटल्यांतील पुराव्याप्रमाणें हाताळतात. आमच्या मतें तीं वैद्यकाविषयीं नाहींतच. एखाद्या देहाविषयीं ‘नको’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो वापरला तर त्याचें ओझें कोणीं वाहावयाचें, हा त्यांचा विषय आहे; आणि त्या दृष्टीनें वाचलीं म्हणजे वरून सारखीं दिसणारीं तीं प्रकरणें एकमेकांपासून फार निराळीं निघतात.

पहिलें प्रकरण मुंबईचें, १९०२ सालचें. गिरगांवांत बिऱ्हाड थाटलें न थाटलें तोंच दुसरा मुलगा मणिलाल विषमज्वरानें अंथरुणाला खिळला; जोडीला फुप्फुसाचा दाह, आणि रात्रीं वात. मुलाचें वय दहाच्या आसपास. पारशी डॉक्टरांनीं सांगितलें कीं औषधाचा फारसा उपयोग व्हावयाचा नाहीं, अंडीं आणि कोंबडीचा रस्सा द्या. बापानें नकार दिला. येथपर्यंत ही हकीकत कोणाहि व्रतस्थ पुरुषाच्या चरित्रांत शोभेल अशीच आहे. परंतु नकार दिल्यावर गांधीजी डॉक्टरांना म्हणतात कीं जलोपचार मी माझ्या जबाबदारीवर करतों, पण नाडी आणि छाती तपासणें मला येत नाहीं. तेव्हां आपण मधून मधून येऊन मुलाची स्थिति मला सांगत जा. उपाय नाकारला, पण ज्ञान नाकारलें नाहीं. हा फरक लहान नव्हे. आमच्या ओळखीचे औषध नाकारणारे लोक डॉक्टरांना पुन्हा तोंडहि दाखवीत नाहींत. तपासणीचा कागद फाडला म्हणजे रोगहि फाटला अशी त्यांची समजूत असावी.

पुढें कटिस्नानें झालीं, संत्र्याचा रस झाला, आणि ज्वर तर उतरण्याचें नांव घेईना. पारा १०४ अंशांपर्यंत चढे. या ठिकाणीं मनांत आलेले जे विचार लेखक नोंदतो ते कोणत्याहि बापाचे आहेत. लोक काय म्हणतील, वडील बंधूंना काय वाटेल, दुसरा डॉक्टर आणावा कीं वैद्य बोलवावा, आणि आपल्या मतांचा भार मुलाच्या जिवावर घालण्याचा आपल्याला हक्क तरी काय! मग ओल्या चादरींत मुलाला गुंडाळून, त्याला आईच्या स्वाधीन करून, रात्रीं दहाच्या सुमारास ते चौपाटीवर रामनाम घेत फिरावयास जातात. परत येतात तों मुलाला घाम फुटलेला असतो. त्यानंतर चाळीस दिवस पाणी घातलेलें दूध आणि फळांचे रस, आणि मूल बरें झालें. हा चौपाटीचा फेरा आम्हांला सबंध आत्मकथेंतील अत्यंत खऱ्या वर्णनांपैकीं एक वाटतो. त्यांत सत्याग्रही नाहीं, महात्मा नाहीं. भ्यालेला बाप आहे. आणि बरें झालेलें मूल पुढें करून आपल्या उपचाराचा डंका पिटण्याचा मोहहि लेखकानें आवरला आहे. ईश्वराची कृपा, पाणी, कीं पथ्य आणि शुश्रूषा, यांपैकीं कशानें मूल उठलें हें कोण सांगणार, असें तो लिहितो. स्वतःचा विश्वास कोठें आहे तें सांगतो, पण वाचकावर लादीत नाहीं.

परंतु वर्णन खरें उतरलें म्हणून निर्णय निर्दोष ठरत नाहीं. मुलाला विचारण्यांत आलें होतें, आणि तुमचाच उपचार चालूं द्या असें तो म्हणाला होता. लगेच लेखक कबूल करतो कीं तेच पदार्थ आपण दिले असते तर मुलानें ते घेतलेहि असते. ही कबुली लिहिणाऱ्या हाताला आमचा नमस्कार आहे. तिनें मुलाची संमति ही संमति नव्हती हें लेखकानें स्वतःच वाचकाच्या हातीं दिलें. दहा वर्षांचें मूल उत्तर देतें तें बापाच्या चेहऱ्याकडे पाहून. येथें एक गोष्ट मात्र न्यायानें सांगितली पाहिजे. १९०२ सालीं विषमज्वरावर खरें औषध कोणापाशींच नव्हतें. क्लोरॅम्फेनिकॉल हातीं आलें तें १९४८ च्या सुमारास. पोषण आणि शुश्रूषा यांपलीकडे डॉक्टरांच्या पेटींतहि विशेष कांहीं नव्हतें, आणि म्हणून बापाच्या नकारानें मुलाचें किती गेलें असतें हें सांगणें कठीण आहे. आज त्याच ज्वरांत तसा नकार देणारा बाप या प्रकरणाचा दाखला देऊं लागला तर त्यानें हें सालहि सांगावें.

दुसरें प्रकरण डरबानचें, १९०९ सालच्या आरंभींचें. कस्तुरबांना वारंवार रक्तस्राव होई. शस्त्रक्रिया करावी लागली, आणि प्रकृति इतकी क्षीण कीं ती क्लोरोफॉर्म न देतां झाली. डॉक्टर आणि त्यांची पत्नी स्नेही. त्यांच्या भरंवशावर गांधीजी जोहान्सबर्गला गेले. मागून दूरध्वनि आला कीं रोग्याला गोमांसाचें सार देण्याची परवानगी हवी. गांधीजींचें उत्तर असें कीं मी परवानगी देऊं शकत नाहीं, पण ती सांगण्याच्या स्थितींत असेल तर तिला विचारा, ती काय ठरवील तें ठरवूं द्या. डॉक्टर म्हणाले, रोग्याला मी असल्या गोष्टींत विचारीत नसतों, तुम्हीच या. ते आगगाडीनें डरबानला पोंचले तेव्हां शांतपणें सांगण्यांत आलें कीं सार तर दूरध्वनि केला तेव्हांच देऊन झालें होतें. याला गांधीजींनीं फसवणूक म्हटलें. डॉक्टरांनीं ती नाकारली नाहीं. जीव वांचत असेल तर रोग्याला आणि नातेवाइकांना फसविणें हें आम्ही पुण्य समजतों, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

या डॉक्टरांना खलपुरुष करून टाकणें सोपें होतें, आणि दुय्यम लेखकानें तें केलेंच असतें. गांधीजींनीं तसें केलें नाहीं. आपल्या छपराखालीं रोगी मरतांना मी पाहणार नाहीं, माझ्या उपचारांत ठेवायचें तर मला मोकळीक द्या, असें म्हणणारा तो माणूस प्रेमळ आहे. आणि त्याचा प्रेमळपणाच रोग्याला गप्प बसवितो, हें या प्रकरणाचें मर्म आहे. आम्हांला बांकावर सही घेणारे ते तरुण डॉक्टर आठवले ते येथें. त्यांचाहि स्वर अतिशय गोड होता.

मग नवरा पत्नीपाशीं जातो आणि विचारतो. कांहीं हिंदु स्नेही औषध म्हणून मांस-मद्य घेतात, तूं माझ्यामागें आलीच पाहिजेस असें नाहीं, हेंहि सांगतो. कस्तुरबांचें उत्तर ठाम येतें: तें सार नको, त्यापेक्षां तुमच्या मांडीवर मरेन. पावसांत त्यांना रिक्षांतून स्टेशनवर नेलें, पुढें फीनिक्सच्या वाटेवर झोळींतून वाहून नेलें, आणि त्या वांचल्या. आतां मणिलालच्या बाबतींत जी शंका घेतली ती येथें घ्यावी काय? नवऱ्याचा चेहरा पत्नीहि ओळखते, आणि त्या काळची पत्नी तर विशेषच. आम्ही या प्रश्नाशीं पुष्कळ वेळ थांबलों. परंतु मूल आणि प्रौढ स्त्री यांना एकाच मापानें मोजणें हाहि तिला न विचारण्याचाच एक सभ्य प्रकार आहे. तिचें ‘नको’ तिच्या धर्मबुद्धीचें होतें. तें नवऱ्याच्या ‘नको’शीं जुळलें म्हणून तें उसनें ठरत नाहीं.

मीठ आणि डाळ सोडण्याचें प्रकरण याच्याच जवळचें. पथ्य पाळीना म्हणून पत्नीनें टोमणा मारला कीं तुम्हांलाहि हें सुटणार नाहीं, आणि नवऱ्यानें जागच्या जागीं वर्षभराचें व्रत घेतलें. लेखकाला ही आठवण गोड वाटते. आम्हांला ती तितकीशी गोड वाटली नाहीं. पत्नी रडून विनवीत असतां व्रत न सोडणें हा प्रेमाचा भाग असेल, पण त्यांत तिला हरविण्याचाहि भाग आहे.

स्वतःच्या देहाची गोष्ट आली म्हणजे लेखणीचा सूर बदलतो. १९१८ च्या आमांशानें खंगल्यावर आणि १९१९ सालच्या मुंबईंतील शस्त्रक्रियेपूर्वीं डॉ. दलालांनीं दूध घेतल्यावांचून अंग भरणार नाहीं असें बजावलें. गाई-म्हशींच्या छळाकडे पाहून दूध सोडलेलें. तेव्हां बिछान्यापाशीं उभ्या असलेल्या कस्तुरबांनीं सुचविलें कीं मग बकरीचें दूध घेण्यास हरकत कोणती? गांधीजींनीं तें घेतलें, आणि प्रतिज्ञेचें अक्षर राहिलें, आत्मा गेला, ही टोंचणी आयुष्यभर लावून घेतली. वांचण्याची इच्छा, रौलट बिलांशीं झुंजण्याची इच्छा, हीं कारणें ते लपवीत नाहींत. दुसऱ्याच्या देहाविषयीं निर्णय करतांना जी निश्चिति होती ती स्वतःच्या देहापाशीं डळमळली; आणि विचित्र असें कीं त्या डळमळण्यानेंच तो मनुष्य आम्हांला अधिक जवळचा वाटतो.

आत्मकथेची हकीकत १९२१ च्या अलीकडेपलीकडेच थांबते. परंतु तिचा उरलेला भाग पुण्यांत घडला, म्हणून तो सोडवत नाहीं. १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं येरवड्याच्या या कैद्यावर ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांनीं आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. आधीं श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून संमतीचें निवेदन लिहविण्यांत आलें, आणि रोग्यानें तें ऐकून थरथरत्या हातानें सही केली. वादळानें वीज गेली, आणि शेवटचें काम कंदिलाच्या उजेडांत उरकलें. ‘हिंद स्वराज्या’ंत डॉक्टरांवर आणि रुग्णालयांवर कोरडे ओढणाऱ्या लेखकाला त्यावरून विचारणा झाली, तेव्हां त्यांनीं तो आपला दुबळेपणा असल्याचें मान्य केलें. आमचें लक्ष मात्र दुसरीकडे जातें. परक्या सरकारचा कैदी, आणि त्याला रीतसर विचारण्यांत आलें. स्नेह्याच्या घरांतील रुग्ण स्त्रीला विचारण्यांत आलें नव्हतें.

वीस वर्षांनीं, पुण्यांतच, आगाखान पॅलेसच्या स्थानबद्धतेंत कस्तुरबा शेवटच्या दुखण्यांत होत्या. देवदासांच्या आग्रहानें कलकत्त्याहून विमानानें पेनिसिलिन आलें. तें सुईनें आणि वारंवार द्यावें लागतें असें कळल्यावर गांधीजींनीं मुलाला परावृत्त केलें. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं त्या गेल्या. कांहीं आठवड्यांनीं स्वतःला हिवताप आला तेव्हां प्रथम नाकारून मग त्यांनीं क्विनीन घेतलें. या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून त्यांना ढोंगी म्हणणारे लोक आहेत. तें आम्हांला पटत नाहीं. रुग्णाची आशा डॉक्टरांनींच जवळजवळ सोडली होती, आणि मरणाऱ्या माणसाला सुया टोंचीत राहावें काय हा प्रश्न आजहि प्रत्येक घराला पडतो. परंतु देवदास आणि वडील यांच्यांतील तो वाद ज्या देहाविषयीं होता त्या देहाची मालकीण जवळच होती, आणि आपल्याला वैद्य हवा, निसर्गोपचारक हवा असें तिनें त्याच दुखण्यांत बोलून दाखविलें होतें. पेनिसिलिनविषयीं ती काय म्हणाली असती हें त्या हकीकतींत येत नाहीं.

आत्मकथेंतहि तेंच होतें. चौपाटीच्या त्या रात्रीं तापलेल्या मुलापाशीं बसलेल्या आईच्या मनांत काय चाललें होतें तें लेखक सांगत नाहीं. कस्तुरबा बोलतात तेव्हां थोडकेंच बोलतात. फीनिक्सला त्या अजून अंथरुणांतच असतां एक स्वामी आले आणि मांसाहारांत धर्मदृष्ट्या दोष नाहीं असें मनुस्मृतीच्या आधारें सांगूं लागले. गांधीजींना तो वाद पत्नीपुढें नको होता. कस्तुरबांनीं स्वामींना स्पष्ट सांगितलें कीं मला तें सार घ्यावयाचें नाहीं, मला त्रास देऊं नका, चर्चा करावयाची तर माझ्या पतीशीं आणि मुलांशीं करा. एवढें बोलून त्या पुन्हा गप्प होतात, आणि पुस्तक पुढें चालूं लागतें. त्या ठिकाणीं पुस्तक आणखी एक पान थांबावयास हवें होतें, ही आमची या श्रेष्ठ ग्रंथाविरुद्ध सर्वांत मोठी तक्रार आहे.

हा भाग आम्हीं आत्याबाईंना वाचून दाखविला. आतां त्या हिंडूंफिरूं लागल्या आहेत. ऐकून झाल्यावर त्यांनीं इतकेंच विचारलें कीं त्या दिवशीं तुम्हीं सही केलीत त्या कागदावर काय लिहिलें होतें. आम्हांला सांगतां आलें नाहीं.