अनुभव आणि त्याची भाषा : वाणिज्य-शिक्षणासंबंधी काही विचार

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष बाजारपेठ दाखविली की विषय त्याला आपोआप उमगतो आणि त्याचे निवेदनही सुधारते, अशी समजूत अलीकडे बरीच रूढ झालेली दिसते. अनुभवाधिष्ठित शिक्षणाचे पुरस्कर्ते जॉन ड्यूई यांना मात्र ती मान्य झाली नसती. सर्वच अनुभव सारखे शिक्षणक्षम नसतात, हे त्यांनी १९३८ मध्येच बजावले होते. डेव्हिड कोल्ब यांच्या १९८४ च्या मांडणीतही अनुभव ही चार अवस्थांपैकी केवळ एक. चिंतन, संकल्पना आणि पुनःप्रयोग त्यामागून यावेच लागतात.

सांगलीच्या हळदपेठेचे उदाहरण घेता येईल. तेथून परतलेला विद्यार्थी पुष्कळदा ‘सौदे केले जातात’, ‘दर ठरविला जातो’ अशी वाक्ये मांडतो. या कर्मणी रचनेत शेतकरी, अडत्या आणि खरेदीदार हे तिघेही लुप्त होतात; दर कोणी, कोणता माल पाहून आणि कोणती जोखीम पत्करून ठरविला, हा वाणिज्याचा खरा प्रश्नही त्यांच्याबरोबर नाहीसा होतो. हा दोष शैलीपुरता मानणे चूक होय. जो व्यवहार समजला नाही, त्यातील कर्ता सांगता येत नाही. उलट, गड्डा आणि हळकुंड यांच्या दरांत अंतर का पडते, किंवा हरिपूरच्या पेवांत हळद साठविणारा भाववाढीच्या आशेवर किती भांडवल अडकवून बसत असे, हे ज्याने खोदून विचारले, त्याला ‘साठवणखर्च’ ही संज्ञा पाठ करावी लागत नाही. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरले. जोखमीचा याहून स्पष्ट धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडणार?

साताऱ्याची परंपरा याहून विचारप्रवर्तक आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापिलेली व १९२४ मध्ये साताऱ्यास आणलेली रयत शिक्षण संस्था स्वावलंबनाच्या तत्त्वावर वाढली. ‘कमवा आणि शिका’ हे तिचे सूत्र सर्वश्रुतच आहे. शेतावर राबून शिकणाऱ्या मुलाला मजुरीचा हिशेब हा सहलीतील कुतूहलाचा विषय नसतो. तथापि अशा श्रमिक घरातला विद्यार्थी वर्गात निवेदनास उभा राहिला, की घरची उधारी, तोलाई, हमाली यांविषयी चकार शब्द न काढता परदेशी कंपन्यांचे दाखले देऊ लागतो. अनुभव त्याच्यापाशी विपुल आहे. त्या अनुभवाच्या शब्दांना गुणपत्रिकेत स्थान नाही, आणि याचा दोष परीक्षकांकडे जातो. ‘अडत’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘कमिशन’ म्हणणारा त्यांना अधिक अभ्यासू वाटतो.

विद्यार्थ्याने आपले निवेदन प्रथम पेठेतील एखाद्या अडत्यासमोर करून दाखवावे, अशी एक सूचना करण्यासारखी आहे. कर्ता नसलेले वाक्य तेथे लगेच अडविले जाईल.