हरवलेली फीत आणि हरवलेला काळ

पाठचिकित्सेला हरवलेली संहिता नवी नाही. किंबहुना जी मूळ प्रत आज उपलब्ध नाही, तिच्याच गृहीतकावर हे शास्त्र उभे आहे. हाती असलेल्या पोथ्यांतील पाठभेद तपासायचे, प्रक्षेप वेगळे काढायचे आणि त्या आधारे अनुपस्थित मूळाच्या जवळ जायचे, ही त्याची रीत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून मराठी अभ्यासकाच्या ती अंगवळणी पडलेली आहे. यंत्राने निर्माण केलेल्या संहितेला ही रीत कितपत लागू पडते, हे पाहण्यासाठी येथे एक दूरचे उदाहरण घेतो : आरंभीच्या मुष्टियुद्धांच्या चित्रफिती आणि त्यांचा चाललेला शोध.

मुष्टियुद्ध आणि चित्रपट यांची गाठ योगायोगाने पडलेली नाही. रिंगण मर्यादित असते, एका जागी रोवलेल्या कॅमेऱ्याला ते पुरते. आणि फेऱ्यांची विभागणी रिळांच्या लांबीला सोयीची असते. १८९४ च्या जूनमध्ये एडिसनच्या न्यू जर्सीतील ‘ब्लॅक मारिया’ या चित्रीकरणगृहात लिओनार्ड आणि कुशिंग यांची लढत टिपली गेली, ती प्रत्येकी एक मिनिटाच्या सहा फेऱ्यांची. म्हणजे खेळाचा काळ येथे यंत्रानेच ठरवून दिला. आज त्यातील जेमतेम ३७ सेकंद शिल्लक आहेत.

१७ मार्च १८९७ रोजी नेव्हाडातील कार्सन सिटी येथे झालेल्या कॉर्बेट–फिट्झसिमन्स लढतीत हे नाते उलटे झाले. इनॉक रेक्टर याने तीन कॅमेरे लावून संपूर्ण लढत, फेऱ्यांमधल्या विश्रांतीसह, टिपली. दीड तासाहून अधिक चालणारा हा चित्रपट त्या काळाच्या मानाने प्रचंडच म्हणायला हवा. त्यासाठी वापरलेली फीत ६३ मिलिमीटर रुंदीची, रेक्टरच्या ‘व्हेरिस्कोप’ या स्वतंत्र यंत्रावरच चालणारी. यंत्र मागे पडताच फीत निरुपयोगी झाली. नायट्रेटच्या विघटनाने पुढचे काम केले. आज तिचे तुकडे तेवढे उरले आहेत, आणि २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत समावेश झाला तो या तुकड्यांचा.

येथे पाठचिकित्सेची पहिली अडचण उभी राहते. फिलाडेल्फियाच्या लुबिनने त्याच वर्षी वृत्तपत्रांतील वर्णने समोर ठेवून दोन बदली इसमांकडून हीच लढत फेरीगणिक ‘वठवून’ घेतली आणि तिच्या फिती विकल्या. त्याला प्रक्षेप म्हणावे, तर प्रक्षेप मूळ पाठात शिरतो; हा मूळ पाठाच्या शेजारी दुकान मांडून बसला. शिवाय लुबिनची संहिता मुळात शब्दांची आहे : छापील वृत्तान्ताचे ते दृश्य रूपांतर आहे. ती पाहून लढतीतील घटना कळतील, लढतीला लागलेला वेळ कळणार नाही.

माझ्या मते सगळा प्रश्न या वेळापाशीच आहे. चौदाव्या फेरीत पोटाच्या वरच्या भागावर बसलेल्या एका ठोशाने कॉर्बेट कोसळला, ही घटना कधीच हरवलेली नव्हती. हरवला आहे तो त्याआधीच्या तेरा फेऱ्यांचा विस्तार : दोन माणसांचे दमत जाणे, वाट पाहणे, एकमेकांना रेलून उभे राहणे. पोथीतील गहाळ ओवीचा अर्थ मागच्यापुढच्या ओव्यांवरून काही अंशी बांधता येतो. गहाळ चार मिनिटे कशावरूनच बांधता येत नाहीत. आणि तरीही संग्राहकांचा शोध चालतो तो अजिंक्यपदाच्या, निर्णायक ठोशांच्या फितींसाठी. जे वृत्तपत्रांतून पूर्ण माहीत आहे, त्यासाठीच.

याला अपवाद ठरावा असा एक शोध आहे. ५ एप्रिल १९१५ रोजी हवाना येथे जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय जागतिक हेवीवेट विजेता सव्विसाव्या फेरीत जेस विलर्डकडून हरला. १९१० मध्ये रीनो येथे त्याने जेफ्रीजला हरवल्यानंतर अमेरिकेत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले होते, त्या लढतीच्या चित्रपटावर ठिकठिकाणी बंदी आली होती, आणि १९१२ साली अशा फिती देशात आणण्यास व एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई करणारा कायदाच झाला होता. तो १९४० पर्यंत टिकला. हवानाची फीत अमेरिकेत आणण्यासाठी काहींनी १९१६ मध्ये कॅनडाच्या सीमेवर अलीकडे कॅमेरा आणि पलीकडे फीत ठेवून तिची प्रतिमा टिपली. वस्तू हद्द ओलांडत नाही, प्रकाश ओलांडतो, असा त्यांचा पवित्रा. (चिन्ह आणि चिन्हवाहक यांच्या भेदावर एखाद्या न्यायालयाला इतका नेमका विचार करावा लागल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.) न्यायालयाने तो मानला नाही.

परिणामी अनेक दशके लोकांसमोर राहिले ते एक छायाचित्र : उताणा पडलेला जॉन्सन, डोळ्यांवर उन्हासाठी धरल्यासारखा हात. त्याला पुढे जॉन्सनच्या कबुलीजबाबाची जोड मिळाली आणि सामना ठरवून हरल्याचे कथन पक्के झाले. जिम जेकब्ज या संग्राहकामुळे फीत पुन्हा पाहण्यात आली, तेव्हा त्या क्षणामागे पंचवीस फेऱ्या उभ्या राहिल्या; उन्हात मन लावून लढणारा आणि हळूहळू थकत गेलेला सदतीस वर्षांचा माणूस दिसू लागला. छायाचित्र खोटे नव्हते. त्याला काळ नव्हता, म्हणून बाहेरचे कोणतेही कथन त्याला चिकटू शकले.

वाल्टर बेंजामिनने यांत्रिक प्रतिकृतीच्या संदर्भात अस्सल प्रतीचा प्रश्नच अर्थहीन ठरतो असे म्हटले होते. नायट्रेटने त्याला अनपेक्षित पुरवणी जोडली : सर्व प्रती नष्ट होऊन एकच उरली, की तिच्याभोवती तेच तेजोवलय परत येते.

आपल्याकडची स्थिती याहून बिकट आहे. १८९९ मध्ये सावेदादा भाटवडेकरांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. मल्लांची नावे राहिली, स्थळ राहिले, फीत नाही. ग्रंथोग्रंथी उद्धृत होणारे ते एक वाक्यच आता संहिता झाले आहे.

नेमकी उलट अवस्था सिडनीच्या फितीची. २६ डिसेंबर १९०८ रोजी जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवून अजिंक्यपद मिळवले. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली आणि त्यासरशी कॅमेरेही थांबले. येथे काळ उरला, घटना गेली. वोल्फगांग इझरची रिक्त जागा लेखकाने वाचकासाठी सोडलेली असते; ही पोलिसांनी पाडलेली आहे, आणि कोणत्याही तळघरात ती भरून निघणारे रीळ सापडायचे नाही. ती भरली जॅक लंडनने. रिंगणाजवळ बसून त्याने वृत्तपत्राला जो मजकूर पाठवला, त्यात निवृत्त जेफ्रीजने शेत सोडून परत यावे आणि जॉन्सनला हरवावे असे आवाहन होते. दीड वर्षांनी जेफ्रीज रीनोच्या रिंगणात उतरला.