साभार परत

माझ्या पहिल्या कादंबरीचे बाड ३ वर्षांत ४ वेळा साभार परत आले. चौथ्या खेपेला पोस्टमन ओशाळला, मी नाही. दोष प्रकाशकांचाच, अशी माझी खात्री होती. त्याच रागात श्री. ना. पेंडशांची पुस्तके क्रमाने वाचायला घेतली, आणि राग हळूहळू निवळला.

पेंडसे १९१३ साली दापोली तालुक्यातल्या मुर्डीला जन्मले. ‘खडकावरील हिरवळ’ १९४१ साली निघाले. पहिली कादंबरी ‘एल्गार’ मात्र १९४९ ची. म्हणजे वयाच्या ३६ व्या वर्षी! मग १९५० साली ‘हद्दपार’, १९५२ साली ‘गारंबीचा बापू’.

खरे सांगायचे तर ‘एल्गार’पेक्षा ‘बापू’ कितीतरी उजवी. गारंबी तिथे नुसती दिसत नाही, ती बापूला अडवते. राधेपायी गाव त्याच्यावर डोळे वटारते, आणि हा पठ्ठ्या गावाला पुरून उरतो. पोफळीची बाग तिथे शोभेची नव्हे. सुपारीवर माणसांची पोटे चालतात.

आणि माझ्या बाडात? पहिली २२ पाने नुसता सूर्योदय! नायक २३ व्या पानावर जागा होतो, तोही चहा प्यायला. (आमच्या सौभाग्यवतींनी हे पहिल्याच वाचनात सांगितले होते, पण घरच्या टीकाकाराला कोण मानतो?)

यंदा ती २२ पाने मी काढून टाकली. नायकाचे आता पहिल्याच पानावर गावाशी भांडण जुंपते. बाड पुन्हा रवाना झाले आहे. भाऊबीजेच्या आत काही ते परत येत नाही, असे पोस्टमन म्हणतो.