ग्रामगीतेतील करुणाविचार आणि यवतमाळचे शेतकरी-दुःख : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

मराठी संतपरंपरेत दुःख हा केवळ चिंतनाचा विषय राहिलेला नाही. दुःखिताजवळ जाणे, त्याची सेवा करणे आणि त्या सेवेलाच भक्तीचे रूप मानणे ही या परंपरेतील एक महत्त्वाची धारा आहे. विसाव्या शतकात या धारेला वऱ्हाडात विशेष बळ मिळाले. संत गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) हाती खराटा घेऊन आणि कीर्तनातून श्रोत्यांना प्रश्न विचारून, तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) खंजिरी, भजन आणि ग्रंथरचना यांच्या द्वारे ही धारा खेड्यापाड्यांत पोहोचविली. तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ (१९५५) ही या सेवाधर्माची सर्वांत विस्तृत ग्रंथरूप मांडणी होय.

यवतमाळ जिल्ह्यातील अनेक खेड्यांत श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या शाखांमधून ग्रामगीतेचे वाचन होत आले आहे. याच जिल्ह्याचे नाव गेल्या काही दशकांत शेतकरी आत्महत्यांशी जोडले गेले. ज्या भूमीत सेवेचा ग्रंथ घरोघरी पोहोचला, त्याच भूमीतील शेतकरी इतका एकाकी का झाला, हा प्रश्न ग्रामगीतेच्या अभ्यासकाला टाळता येणारा नाही. प्रस्तुत लेखात ग्रामगीतेतील करुणेचे स्वरूप, तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा यांचा या प्रश्नाच्या अनुषंगाने विचार केला आहे. तुलनेसाठी ‘तेरवं’ या अलीकडील नाट्यकृतीचा आधार घेतला आहे.

ग्रामगीतेतील करुणेचे स्वरूप :

ग्रामगीता ४१ अध्यायांची असून तिच्यात ४६७५ ओव्या आहेत. ओवी हा छंद निवडण्यामागे कवीची निश्चित दृष्टी दिसते. ज्ञानेश्वरीपासून पोथीवाचनाची सवय असलेल्या समाजाला ओळखीच्या लयीत नवा आशय द्यावा, ही ती दृष्टी होय. येथे पोथीचा घाट जुना असला तरी विषय मात्र ग्रामसफाई, आरोग्य, गोवंश, विवाहातील उधळपट्टी, श्रम, संघटन असे आहेत. देवदर्शनापासून आरंभ करून ग्रंथ गावाच्या गल्लीत उतरतो आणि ‘भूवैकुंठा’च्या कल्पनेपर्यंत जातो. वैकुंठ मृत्यूनंतरचे नव्हे, तर गावातच घडवावयाचे आहे, ही ग्रंथाची मध्यवर्ती भूमिका आहे.

या भूमिकेमुळे करुणेचा अर्थही बदलतो. पारंपरिक दयेत देणारा वर आणि घेणारा खाली असतो. दानाने दात्याला पुण्य मिळते. दुःखिताची स्थिती मात्र बहुधा तीच राहते. ग्रामगीतेतील करुणा ही भावना कमी आणि शिस्त अधिक आहे. ‘सामुदायिक प्रार्थना’, ‘सेवासामर्थ्य’ आणि ‘संघटनशक्ती’ हे अध्याय एकत्र वाचल्यास ही गोष्ट स्पष्ट होते. गुरुदेव सेवामंडळाच्या दिनक्रमात पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना यांना स्थान आहे; त्यांच्या जोडीला ग्रामसफाई आणि रामधून आहे. प्रार्थनेने मन गोळा करावयाचे आणि गोळा झालेले मन कामाला लावावयाचे, असा हा क्रम आहे. साधना आणि सेवा यांची येथे फारकत नाही.

या रचनेत एक सूक्ष्म सामाजिक आशयही दडलेला आहे. रोज एका जागी बसणाऱ्या माणसांत कोणी आले नाही तर ते लक्षात येते. रिकामी राहिलेली जागा हीच दुःखाची पहिली खबर असते. प्रार्थनेला ‘सामुदायिक’ करण्याचे महत्त्व म्हणूनच केवळ धार्मिक नाही. दुःख एकट्याच्या घरात कोंडून राहू नये, याची ती व्यवस्था आहे.

प्रारब्धवादाचा नकार :

ग्रामगीतेचे वैचारिक सामर्थ्य तिच्या ‘प्रारब्धवाद’ आणि ‘प्रयत्नप्रभाव’ या विषयांवरील अध्यायांत प्रकट होते. दुःख हे पूर्वकर्माचे फळ आहे असे एकदा मानले की दुःखिताविषयीची जबाबदारी संपते. शेजाऱ्याचे दारिद्र्य हे त्याचे नशीब ठरते आणि आपला सुखोपभोग निर्दोष ठरतो. संतपरंपरेतच उभे राहून कवी या समजुतीला आव्हान देतो, हे महत्त्वाचे आहे. गावातील दुःखाचे मूळ तो गावाच्या व्यवहारात शोधतो: अस्वच्छतेत, व्यसनात, फुटीत, श्रमाच्या अवहेलनेत. ‘श्रमसंपत्ती’ आणि ‘गरिबी-श्रीमंती’ या अध्यायांत श्रमाला संपत्तीचे मूळ मानले आहे व श्रीमंतांच्या वृत्तीवर कठोर टीका आहे.

या ठिकाणी ग्रंथाच्या निवेदनपद्धतीचाही विचार करावयास हवा. ग्रामगीतेत श्रोता वेळोवेळी शंका विचारतो आणि कवी तिचे निरसन करतो. ही संवादशैली पुराणकथनातून आली असली तरी येथील श्रोत्याच्या शंका संसारी माणसाच्या आहेत. त्यामुळे ग्रंथ उपदेशपर असूनही एकसुरी होत नाही. तथापि या संवादाचा शेवट नेहमी ठरलेला असतो. श्रोता शंका घेतो, उत्तर ऐकतो आणि समाधान पावतो. ज्याचे समाधान होत नाही असा श्रोता ग्रंथात टिकत नाही. या शैलीगत वैशिष्ट्यातच ग्रंथाच्या मर्यादेचे बीज आहे.

गावाच्या वेशीपलीकडचे दुःख :

ग्रामगीतेतील गाव हे एक कुटुंब आहे. ‘ग्रामकुटुंब’ ही संकल्पना मोहक आहे. पण यवतमाळच्या संदर्भात तिची परीक्षा करावी लागते. वऱ्हाडातील कापूस १८६० च्या दशकात, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, इंग्लंडच्या गिरण्यांशी जोडला गेला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंदमापी रेल्वे मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठी उभी राहिली. ‘शकुंतला’ या नावाने ती लोकांच्या स्मरणात आहे. म्हणजे ग्रामगीता लिहिली गेली तेव्हाच या भागातील गाव स्वयंपूर्ण राहिले नव्हते. त्याच्या पिकाचा भाव वेशीबाहेर ठरत होता. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, पुढे ती क्षीण झाली. २००२ पासून बीटी कापसाचे बियाणे आले आणि बियाणे, खत, औषध यांसाठी शेतकरी बाजारावर अधिकाधिक अवलंबून झाला. २०१७ मध्ये फवारणी करताना झालेल्या विषबाधेने याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला. कोरडवाहू जमीन, अनिश्चित पाऊस आणि परका भाव यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाला गावाची एकी धीर देऊ शकते. भाव मात्र देऊ शकत नाही.

ग्रामगीतेत सावकारी आणि शोषण यांची जाणीव नाही असे नव्हे. परंतु शोषक हा तेथे गावातलाच, ओळखीचा माणूस आहे. त्याचे हृदयपरिवर्तन शक्य आहे अशी कवीची श्रद्धा आहे. दूरच्या बाजारपेठेला हृदय नसते. म्हणून हृदयपरिवर्तनावर आधारलेली करुणा तेथे निरुत्तर होते.

१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील एका शेतकऱ्याने पत्नी व चार मुलांसह जीवन संपविले. ही महाराष्ट्रातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते. ही घटना गावी घडली नाही. ती वर्धा जिल्ह्यातील दत्तपूर येथे घडली. हे तेच दत्तपूर, जेथे मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ मध्ये कुष्ठसेवेचे कार्य आरंभिले. समाजाने टाकलेल्या रोग्यांना जेथे आसरा मिळाला, त्या करुणेच्या स्थळी एक शेतकरी कुटुंब आले आणि तेथेच संपले. यात त्या सेवाकार्याचा दोष नाही. कुष्ठरोग्याच्या देहावर दुःखाची खूण होती आणि ती पाहून सेवा धावून गेली. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या देहावर अशी खूण नव्हती. दिसणाऱ्या दुःखासाठी घडलेली सेवेची दृष्टी न दिसणाऱ्या दुःखापाशी अपुरी पडते, एवढाच याचा अर्थ. १९८६ नंतर आधुनिक सेवाविचारापुढे उभा राहिलेला हा सर्वांत कठीण प्रश्न आहे.

मदत आणि करुणा :

२००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा केला आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. २०१५ मध्ये यवतमाळ व उस्मानाबाद (आता धाराशिव) या जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू झाले. त्याच वर्षी आरोग्य विभागाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आला व शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार शासकीय पातळीवर होऊ लागला. या योजनांच्या यशापयशाची चर्चा प्रस्तुत लेखाच्या कक्षेत नाही. येथे एवढेच नोंदवावयाचे की समुपदेशन आणि ग्रामपातळीवरील समित्या यांच्या मागे असलेले तत्त्व ग्रामगीतेला परके नाही. खचलेल्या माणसाशी कोणीतरी वेळेवर बोलले पाहिजे, हेच ते तत्त्व. फरक सातत्याचा आहे. योजना मुदतीची असते; साधना रोजची असते. मदतीला लाभार्थी लागतो. करुणेला शेजारी लागतो. परंतु याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: शेजाऱ्याच्या धीराने कर्ज फिटत नाही, त्यासाठी धोरणच लागते.

‘तेरवं’ : दुःखिताचा स्वतःचा आवाज :

श्याम पेठकर यांनी लिहिलेले आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेले ‘तेरवं’ हे नाटक या चर्चेत महत्त्वाचे ठरते. मृत्यूनंतरच्या तेराव्या दिवसाच्या विधीचे वऱ्हाडी नाव या नाटकाने धारण केले आहे. रूढीच्या दृष्टीने तेरवीला सुतक संपते. मागे राहिलेल्या स्त्रीचे दुःख मात्र तेथून सुरू होते. आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील स्त्रियाच या नाटकात रंगमंचावर उभ्या राहतात. ग्रामगीतेत कवी बोलतो आणि श्रोता ऐकतो. येथे जिच्याविषयी इतरांनी बोलावे असे गृहीत धरले गेले, तीच बोलते आणि समाज श्रोता होतो. या श्रोत्याला सोयीचे समाधान मिळत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे झालेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन याच नाटकातून पुढे आलेल्या, कळंब तालुक्यातील राजूर येथील वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्यामुळे निर्माण झालेल्या वादातून हा निर्णय घेतला गेला, हे विसरता येत नाही. अडचणीच्या वेळी गल्लीतली बाईच कामी येते, अशा आशयाचे उद्गार काढून त्यांनी हे वास्तव स्वतःच अधोरेखित केले. या उद्गारात दीनवाणेपणा नाही. व्यासपीठ देणाऱ्यांकडे रोखून पाहणारी जाण आहे. दयेचा विषय होण्यास नकार देणारी ही भाषा मराठी करुणापर साहित्याला एक नवी कसोटी देते.

अर्थात ‘तेरवं’लाही मर्यादा आहे. खऱ्या दुःखाचे पुनःपुन्हा सादरीकरण प्रेक्षकाला केवळ गहिवर देऊन परत पाठवू शकते. टाळ्या वाजविल्या म्हणजे कर्तव्य झाले, असे त्याला वाटण्याचा धोका असतो. गहिवराला रोजच्या कृतीत नेणारी शिस्त नाटकाजवळ नसते. ती ग्रामगीतेजवळ आहे. ग्रामगीतेत जो असमाधानी आवाज टिकत नाही, तो ‘तेरवं’जवळ आहे. म्हणून या दोन कृती परस्परविरोधी न मानता परस्परपूरक मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

निष्कर्ष :

१. ग्रामगीतेने करुणेला दानाच्या उतरंडीतून काढून सामुदायिक साधना आणि श्रम यांच्याशी जोडले. प्रारब्धवादाचा नकार हा या करुणेचा वैचारिक पाया आहे.

२. ग्रंथातील गावाची कल्पना कापूस-बाजाराशी जोडलेल्या यवतमाळच्या गावाला पुरी पडत नाही. वेशीबाहेर निर्माण होणाऱ्या दुःखासमोर हृदयपरिवर्तनाचा मार्ग अपुरा आहे.

३. दृश्य दुःखाची सेवा करणाऱ्या परंपरेला कर्ज, अपमान आणि एकाकीपण यांसारखे अदृश्य दुःख ओळखण्याची दृष्टी नव्याने कमवावी लागेल.

४. ‘तेरवं’ने दुःखिताला श्रोत्याच्या जागेवरून वक्त्याच्या जागी आणले. सेवाविचाराची पुढची पायरी दुःखितासाठी बोलण्यात नसून त्याचे ऐकण्यात आहे.

ग्रामगीतेचे पारायण आजही होते, तिच्या परीक्षाही घेतल्या जातात. या ग्रंथाचा खरा अभ्यास ओव्या पाठ होण्याने पुरा होत नाही. सायंकाळच्या प्रार्थनेत एखादी जागा रिकामी राहिली तर तिच्याकडे कोणाचे लक्ष जाते आणि त्या घरापर्यंत कोण चालत जाते, यावर त्याची कसोटी ठरते.