दुर्बिणीतला प्रोसेसर : ‘चांगला’ म्हणजे काय?

आजचा विषय तांत्रिक आहे, पण मला त्यामागचा युक्तिवाद तपासायचा आहे. जेम्स वेब दुर्बीण 25 डिसेंबर 2021 रोजी अवकाशात गेली. तिच्या मुख्य संगणकात आरएडी-750 हा प्रोसेसर आहे, वेग सुमारे 118 मेगाहर्ट्झ. त्यावर एक ठरलेली टीका होते: ‘माझा मोबाइल याहून कितीतरी वेगवान, मग हे जुनाट यंत्र कशाला?’

न्यायदर्शनात याला वाक्छल म्हणतात. एक जण ‘नवकंबल’ म्हणतो, नवं कांबळं या अर्थानं. दुसरा विचारतो, नऊ कांबळी कुठायत? अभियंत्याचा ‘चांगला’ म्हणजे किरणोत्सर्गात टिकणारा. विश्वकिरणांतला एखादा कण मेमरीत शून्याचा एक करू शकतो. हबलचा संगणक 1999 मध्ये अंतराळवीरांनी बदलला. वेब 15 लाख किलोमीटरवर आहे, तिथं कोण जाणार?

पण टिकाऊपणा सांगून वाद संपत नाही. दुर्बिणीनं स्वतः हिशेब किती करायचा, हे आधी ठरवायला हवं. जमिनीवर हवा सतत हलते, म्हणून अडॅप्टिव्ह ऑप्टिक्समध्ये आरशाचा आकार सेकंदाला शेकडो वेळा बदलावा लागतो. अवकाशात हवाच नाही. वेबचे 18 आरसे तापमानामुळे फार सावकाश सरकतात. म्हणून साधारण दोन दिवसांनी मोजमाप खाली येतं, विश्लेषण पृथ्वीवर होतं आणि गरज असेल तरच आज्ञा वर जाते. नेम स्थिर ठेवणारा छोटा आरसा मात्र सेकंदाला सुमारे 16 वेळा मिळणाऱ्या मोजमापावर चालतो; ते काम वरच होतं. म्हणजे कसोटी सरळ आहे: दोष किती वेगानं बदलतो? पृथ्वीचं उत्तर येईपर्यंत तो थांबत असेल, तर हिशेब इथंच करावा.

मंगळावरच्या इंजेन्युइटीनं मोबाइलचा प्रोसेसर वापरून 72 उड्डाणं केली, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण तो प्रयोग होता, ठरलेली उड्डाणं फक्त 5. तिथं जोखीम पत्करणं रास्त होतं.

पुढची अडचण खरी आहे. पृथ्वीसारखा ग्रह त्याच्या सूर्याहून सुमारे 1000 कोटी पट मंद. ताऱ्याचा प्रकाश दाबायला हजारो बिंदूंवर वाकणारे आरसे लागतात, आणि हिशेब प्रचंड. रोमन दुर्बिणीच्या कोरोनाग्राफमध्ये हा मोठा हिशेब पृथ्वीवरच करायची योजना आहे. त्यापुढच्या दुर्बिणींत दोष लवकर बदलला, तर तो वर न्यावाच लागेल, आणि तेव्हा वेगवान प्रोसेसरची मागणी योग्यच ठरेल.

माझा आग्रह एवढाच, की सोबत प्रत्येक दुरुस्तीची नोंद खाली यावी. कारण उद्या एखादा मंद ठिपका दिसेल. तो ग्रह की यंत्राच्या दुरुस्तीचा उरलेला डाग, हे नोंदीशिवाय आपण ठरवणार कसं? यंत्राला निर्णय सोपवता येतो. त्याचं प्रामाण्य तपासण्याची जबाबदारी सोपवता येत नाही.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.